वाचकांचे प्रश्न : दात पिवळे का, ते आधी बघू

तुळशीचं लग्न उरकलं की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत किडकी दाढ मागं पडते आणि पिवळे दात पुढं येतात. यंदाही तेच. म्हणून या अंकात रंगाचेच प्रश्न घेतलेत. नावं कुणाची छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय. पत्रं आटोपशीर केलीत, भाषा ज्याची त्याची.

प्रश्न : डॉक्टर, माझं लग्न पुढच्या महिन्यात आहे. दात किडलेले नाहीत खरं पिवळट दिसतात, फोटोत तर जास्तच. पार्लरवाल्या ब्रायडल पॅकेजमध्ये 'लेझर व्हायटनिंग' तासाभरात करून देतो म्हणतात. आई म्हणते, असं केलं की दाताचं कवच जातं. कुणाचं ऐकू?
— तिलकवाडी, बेळगाव

उत्तर : पार्लरचं मुळीच ऐकू नकोस, आणि आईचं अर्धंच ऐक.

आईची भीती हवेतली नाही. जत्रेत, बाजारात बसून दात पांढरे करून देणारे लोक ॲसिड चोळायचे. दात तेवढ्यापुरता लख्ख व्हायचा आणि पुढं जन्मभर गार पाण्यानं सळसळायचा. आयांच्या पिढीनं ते बघितलंय. दवाखान्यातलं ब्लीचिंग मात्र वेगळं. त्यात दात खरवडत नाहीत की जाळत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल दातावर ठेवतात. ते इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कवचातून, आत, खालच्या पिवळसर थरापर्यंत, म्हणजे डेंटिनपर्यंत झिरपतं आणि रंग देणारे रेणू तोडतं. रेणू तुटले की रंग फिका होतो, कवच जागच्या जागी राहतं. ही पद्धत सापडली तीही योगायोगानं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये दातांना तारा बसवणाऱ्या एका डॉक्टरानं हिरड्यांची सूज उतरावी म्हणून हे औषध दातांवरच्या साच्यात घालून ठेवायला दिलं, तर हिरड्यांबरोबर दातही उजळले. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी ती पद्धत शास्त्रीय मासिकात मांडली आणि मग ती सगळीकडे गेली.

पार्लर नको, कारण तिथं तुझं तोंड कुणी तपासणार नाही. दाढेत छोटी कीड असेल, कवचाला तडा असेल, हिरडी उतरून मूळ उघडं पडलं असेल, तर जेल तिथून आत जातं आणि असा ठणका लागतो की ऐन मेंदीच्या दिवशी तू गाल धरून बसशील. शिवाय जेलची ताकद किती, हे तिथं कोण सांगणार? खुर्चीवर बसवून वापरतात ते साधारण २५ ते ४० टक्क्यांचं असतं. ते हिरडीला लागलं तर हिरडी पांढरी पडते, चुरचुरते. म्हणून आम्ही आधी ओठांना व्हॅसलिन लावून ते बाजूला धरणारी प्लास्टिकची चौकट बसवतो, मग हिरडीच्या कडेनं घट्ट होणाऱ्या मलमाचा बांध घालतो, आणि त्यानंतरच जेल लावतो. युरोपात २०१२ पासून ०.१ ते ६ टक्क्यांपर्यंतचं पेरॉक्साइडसुद्धा दंतवैद्याच्या हातूनच सुरू करावं लागतं आणि १८ वर्षांखालच्यांना ते मिळतच नाही. आपल्याकडे दातांवर उपचार करायला कायद्यानं नोंदणी लागते. कर्नाटक स्टेट डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचार. ज्याला विचारल्याचा राग येईल, त्याच्यासमोर तोंड उघडू नकोस.

राहिलं ते 'लेझर'. बहुतेक ठिकाणी तो निळा एलईडी दिवा असतो. त्यानं शेवटच्या रंगात फारसा फरक पडत नाही. उलट उष्णतेनं दात जास्त सळसळतात. तासभर तोंड उघडं राहिल्यानं दात सुकतो आणि सुकलेला दात आहे त्याहून पांढरा दिसतो. त्याच वेळी काढलेला फोटो भिंतीवर लावलेला असतो. काही दिवसांत दात ओला होऊन आपल्या खऱ्या रंगावर येतो.

आता तुझ्या हातात महिना आहे, तेवढा पुरे. या आठवड्यात तपासणी आणि दात साफ करून घे. निम्म्या मुलींचं काम तिथंच होतं, कारण पिवळेपणा दाताचा नसतो, त्यावर बसलेल्या किटणाचा आणि चहाचा असतो. साफ केल्यानं दात हलतात, हे खोटं. किटणाच्या आधारानं उभे असलेले दात किटण निघाल्यावर हलताना कळतात, एवढंच. तुझ्या वयात तो प्रश्न सहसा येत नाही. त्यानंतरही पिवळट वाटलं तर ब्लीचिंग. खुर्चीवर बसून, जेलचे साधारण पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन थर. नाहीतर घरी करायचं : तुझ्या दातांचं माप घेऊन पातळ पारदर्शक ट्रे बनवतात, प्रत्येक दाताच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढं १० किंवा १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घालून रोज ठरलेला वेळ ठेवायचा, साधारण दोन आठवडे. शेवटी रंग दोन्हींत जवळपास सारखाच येतो. मी घाई नसलेल्याला घरची पद्धत देते, कारण १० टक्क्यांचं जेल म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. दात कमी आंबतात आणि रंग हवा तिथं थांबवता येतो. काहीही निवडलंस तरी लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी संपव.

दात आंबणं, मधेच विजेसारखी एखादी कळ येणं हे होतंच. दोन-चार दिवसांत जातं. पोटॅशियम नायट्रेट असलेली संवेदनशील दातांची पेस्ट आठवडाभर आधीपासून वापर. कळ थांबलीच नाही तर जेल बंद करून दाखवायला जा.

ब्लीचिंगनंतर दोन दिवस रंगाचं खाणं नको. बीट, हळदीची आमटी, कोकम, काळा चहा बंद. दहीभात, इडली, खोबऱ्याची चटणी, हळद न घातलेले पोहे चालतील. मटण होणारच असेल तर तांबडा रस्सा सोडून पांढऱ्यावर भागव. हळदी समारंभात हळद अंगाला लाव, खिदळताना तोंडात जाऊ देऊ नकोस. कुंदा, ही आमची बेळगावची मिठाई, चालेल का, असं मला हमखास विचारतात. रंगाला चालेल, किडीचं मी बोलत नाही.

किती पांढरं, हे आधी ठरव. आमच्याकडे १६ छटांची पट्टी असते, ती दाताशेजारी धरून आजचा रंग लिहून ठेवायला सांग. सुळे पुढच्या दातांपेक्षा पिवळे असतातच, सगळ्यांचे. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाहून दात पांढरे झाले की चेहऱ्यावर आधी दातच दिसतात.

प्रश्न : मी बिड्या वळते. वय पन्नासच्या पुढं. लग्न झाल्यापासून मिश्री लावते, सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. दात काळे पडलेत. मुलाची सोयरीक बघायला पाहुणे येणार आहेत, तोंड उघडायला लाज वाटते. पांढरे होतील काय? खालच्या हिरडीला ओठाच्या आतल्या बाजूला पांढरं झालंय, दुखत नाही.
— निपाणी

उत्तर : आक्का, तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. दातांचं नंतर, आधी त्या पांढऱ्याचं बोलू.

सकाळी उजेडात आरसा घेऊन उभ्या राहा. चूळ भरा. खालचा ओठ दोन बोटांनी पुढं ओढा आणि मिश्रीचं बोट रोज जिथं फिरतं तिथं बघा. पांढरा थर ओल्या फडक्यानं पुसून बघा. पुसला जात असेल तर एक वेळ ठीक. पुसत नसेल, खाली सुरकुत्या पडल्यासारखं खरखरीत लागत असेल, मधे कुठं लाल ठिपका असेल, तर तो चट्टा तंबाखूनं आलेला आहे असं धरून चाला आणि या आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. असे चट्टे दुखतच नाहीत, तोच त्यांचा दगा. सगळ्यांचा कॅन्सर होत नाही, पण कुठल्याचा होणार ते नुसतं बघून कळत नाही. लागलं तर छोटा तुकडा काढून तपासतात. बेळगावात केएलईचं व्ही. के. दंत महाविद्यालय आहे, मराठा मंडळाचं हलगेकर दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे तोंडाच्या रोगांचा वेगळा विभाग असतो आणि खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो. आणखी एक बघा : आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर तेही डॉक्टरांना सांगा. सुपारी खाणाऱ्यांचा जबडा असा हळूहळू आखडतो.

मिश्री म्हणजे तव्यावर काळीभोर भाजलेली तंबाखू. निपाणीत हे मी कुणाला सांगायचं! तुमच्या घरात तंबाखूचा वास असतो, हातात असतो, गावाचा व्यापारच त्यावर उभा राहिला. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर सरकारनं १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर मात्र कुणाचा कायदा चालत नाही. पोट साफ होत नाही म्हणता ते खरंच आहे. तंबाखूतलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि आतड्यांना हलवतं, शरीराला त्याची सवय लागते. सोडल्यावर आठ-पंधरा दिवस पोट जड राहतं, डोकं दुखतं, चिडचिड होते. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात भाजी-कोशिंबीर, आणि तेवढे दिवस इसबगोल घेतलं तरी चालेल. एकदम जमत नसेल तर दिवसातली एकेक वेळ तोडा, सकाळची शेवटी. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत.

आता दात. मिश्रीचा काळा रंग बहुतेक वरवरचा असतो, मशिननं साफ करून पॉलिश केलं की बराच निघतो. त्याला ब्लीचिंग लागत नाही, आणि हिरडीवर चट्टा असताना मी ब्लीचिंग करणारही नाही. बोटानं वर्षानुवर्षं घासून हिरडीजवळ दातांना खाचा पडल्या असतील तर त्या सिमेंटनं भरून घ्या, त्याही रंगानं उठून दिसतात. पाहुण्यांच्या आधी एवढं नक्की होईल. आणि साफ केल्यावर पुन्हा मिश्री लावली तर थोड्या दिवसांत होते तसे काळे, मग मला पत्र लिहू नका, रागावेन.

प्रश्न : मी सैन्यभरतीची तयारी करतोय. रोज पहाटे पळतो. वय साडेसतरा. माझे दात पिवळे आहेत, मेडिकलला काढून टाकतील काय? मित्र म्हणतो आधी ब्लीचिंग करून घे.
— खानापूर तालुका

उत्तर : मित्राला पळायला सांग. मेडिकलला दातांचा रंग बघत नाहीत, गुण मोजतात. पुढचे दात, सुळे आणि लहान दाढा यांना एकेक गुण, मोठ्या दाढांना दोन-दोन, तेही वर-खाली जोडी जुळत असेल तर. बत्तीसच्या बत्तीस असतील तर २२ होतात, कमीत कमी १४ लागतात. किडून पोकळ झालेल्या दाढा आणि हिरड्यांतून पू येणं याला ते हरकत घेतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला भरती निघाली की पोरं आदल्या आठवड्यात माझ्याकडे येतात आणि एका बसणीत चार दाढा भरून मागतात. तसं करू नकोस, आत्ताच तपासून घे. गुटखा खात असशील तर तो आजच बंद. कर्नाटकात २०१३ पासून त्यावर बंदी आहे, म्हणून पानमसाला आणि तंबाखू दोन पुड्यांत विकतात आणि तुम्ही पोरं तळहातावर एकत्र करता. दातांचा पिवळेपणा बहुधा तिथूनच. ब्लीचिंग अठराच्या आत नाही.

प्रश्न : शाळेत असताना सायकलवरून पडलो, वरचा पटाशीचा दात तेव्हा दुखून राहिला. आता मी शिक्षक आहे आणि तो एकच दात राखाडी होत चाललाय. सगळे दात पांढरे करून घेतले तर तोही जुळेल का?
— चिक्कोडी

उत्तर : नाही सर. बाकीचे पांढरे होतील आणि तो अजून उठून दिसेल.

पडला तेव्हा आतली नस मेली असावी. मेलेल्या नसेतलं रक्त डेंटिनमध्ये मुरतं आणि दात आतून काळवंडतो. बाहेरून लावलेलं जेल तिथं पुरत नाही. आधी एक्स-रे काढा, मुळाच्या टोकाशी सूज किंवा मूळ विरघळल्याची खूण आहे का ते त्यात दिसतं. नस मेलेली असेल तर रूट कॅनल. ते नीट झाल्यावर दाताच्या मागच्या बाजूनं पोकळीत सोडियम परबोरेट या रंग उडवणाऱ्या औषधाचा लगदा भरून वरून बंद करतात आणि तुम्हाला घरी पाठवतात. दर आठवड्याला बदलतात, रंग जुळला की थांबतात. लगदा भरण्याआधी मुळाच्या तोंडाशी सिमेंटचा थर घातलाय ना, हे डॉक्टरांना विचाराच. तो नसेल तर औषध खाली उतरून हिरडीजवळ मूळ झिजण्याचा धोका असतो. मार लागलेल्या दाताला तर जास्तच. या दातावर थेट कॅप बसवूया असं कुणी म्हटलं तर आधी हे करून बघूया म्हणा. चांगला दात चहूबाजूंनी तासण्याची घाई कशाला?

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. पुढच्या नव्या दातांवर पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग आहेत, घासून जात नाहीत. गल्लीतल्या इतर पोरांनाही आहेत. आम्ही बोअरचं पाणी पितो. धाकटा मुलगा तीन वर्षांचा आहे. ब्लीच करता येईल का?
— अथणीच्या बाजूचं गाव

उत्तर : गल्लीतल्या पोरांनाही आहेत, म्हणजे पाण्यातल्या फ्लोराइडचा संशय धरा. दात हिरडीत तयार होत असताना, साधारण आठ वर्षांपर्यंत, फ्लोराइड जास्त गेलं की असे डाग येतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत हवं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पंचायतीकडे पाणी तपासायचं किट असतं, आधी तिथं जा. फ्लोराइड जास्त निघालं तर पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटल्यानं ते वाढतं. कँडलच्या फिल्टरनंही जात नाही. आरओनं जातं, किंवा पिण्यापुरतं दुसरं पाणी आणा. धाकट्यासाठी हे आजच करा, त्याचे पुढचे दात आत्ता तयार होताहेत. त्याच्या ब्रशवर पेस्ट वाटाण्याएवढीच, आणि ती गिळू देऊ नका.

मुलीला आत्ता ब्लीचिंग नको. तपकिरी डाग कवचाच्या वरच्या थरात असतील तर सौम्य ॲसिड आणि बारीक पूड यांनी तो थर अगदी किंचित घासतात, दवाखान्यात, हिरडी झाकायला रबर लावून, मोजून. पांढरे पट्टे झाकायला पातळ राळ आत मुरवण्याची पद्धतही आहे. नुसतं ब्लीच केलं तर सुरुवातीला पांढरे पट्टे अजून ठळक होतात आणि आई-बाप घाबरून येतात. मोठी झाल्यावर तिलाच ठरवू द्या. हे दात कमकुवत आहेत असं तिला सांगत बसू नका.

प्रश्न : कोळशाची पावडर, लिंबू-सोडा, मीठ-तेल. मोबाईलवर रोज एक नवीन. खरं काय?
— गोगटे सर्कल, बेळगाव

उत्तर : लिंबू दाताला लावूच नका. त्याचा सामू (पीएच, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) दोन-अडीचच्या आसपास असतो, आणि इनॅमल साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. कोळसा डाग काढतो तो घासून काढतो, नॉनस्टिक तव्यावर तारेची घासणी फिरवल्यासारखा. कवच झिजलं की आतला पिवळा थर जास्त दिसतो, म्हणजे पांढरे करता करता पिवळे. लाल दंतमंजनातल्या गेरूचंही तेच, आमच्या आज्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा असायच्या त्या त्यानंच. गेलेलं इनॅमल परत येत नाही. मीठ-तेलानं रंगाला काही होत नाही.

प्रश्न : पुढं दोन कॅप आहेत, जुन्या. ब्लीचिंग केलं तर त्या पांढऱ्या होतील का? आणि किती टिकतं?
— शहापूर

उत्तर : कॅप आणि सिमेंटच्या भरणीवर पेरॉक्साइड चालत नाही, त्या आहेत त्याच रंगाच्या राहतात. दातांचा उजळपणा साधारण वर्ष-दोन वर्षं टिकतो, दिवसाला सहा चहा घेत असाल तर त्याच्या आत उतरतो. ट्रे जपून ठेवला असेल तर मधे दोन-तीन रात्री जेल लावलं तरी भागतं. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेवढे दिवस थांबा. कॅप बदलायच्याच असतील तर क्रम चुकवू नका. आधी ब्लीचिंग, मग दोन आठवडे थांबून नव्या कॅपचा रंग दातांशी जुळवून घ्यायचा. तेवढ्यात दाताचा रंग स्थिर होतो आणि आत राहिलेला ऑक्सिजनही निघून जातो, नाहीतर चिकटवायचं सिमेंट नीट धरत नाही. आधी कॅप आणि नंतर ब्लीचिंग केलंत, तर कॅपचे पैसे दोनदा जातील.